आधी चाली लिहा: इन्व्हेरियंट शोधायला शिकताना

चहाचे सात ग्लास टेबलावर पालथे ठेवा. एका चालीत नेमके चार ग्लास उलटायचे: पालथा असेल तो सुलटा होईल, सुलटा असेल तो पालथा. कोणते चार, ही तुमची मर्जी. असं करत करत सातही ग्लास सुलटे करून दाखवा.

पुढे वाचण्याआधी खरंच करून पाहा. घरी सात सारखे ग्लास नसतील तर नागपूरच्या सीताबर्डीवरच्या कुठल्याही टपरीवर मिळतील. "काहून भाऊ, चाय प्यायची सोडून ग्लास मोजून रायले!" एवढं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. थोड्या वेळाने एकच ग्लास पालथा उरेल, कधी तीन उरतील, कधी पाच. शून्य काही येणार नाही.

येणार नाही, हे मी इतक्या खात्रीने कसं म्हणतो? ग्लास उलटण्याच्या शेकडो पद्धती आहेत आणि त्या सगळ्या कुणी तपासलेल्या नाहीत. तपासायची गरजच नाही, कारण कितीही उलथापालथ केली तरी या खेळातली एक गोष्ट बदलत नाही. अशा गोष्टीला इन्व्हेरियंट म्हणतात. गणित ऑलिंपियाड स्पर्धेच्या तयारीला नुकतीच लागलेली मुलं, आयटी पार्कात पहिली नोकरी लागलेले प्रोग्रॅमर आणि गणित सोडून बरीच वर्षं झालेले पण कोड्यांचा नाद न सुटलेले लोक यांच्यासाठी हा लेख आहे. आठवीपर्यंतचं गणित, वही आणि पेन्सिल पुरे.

पायरी पहिली: कोणत्या चालींना परवानगी आहे, ते लिहून काढा

नव्याने शिकणारे बहुतेक जण इथेच उडी मारतात. "यात काय बदलत नाही?" असं थेट विचारतात आणि वर आढ्याकडे बघत बसतात. हा प्रश्न अर्धाच आहे. काय केल्यावर बदलत नाही, ते ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नसतं. म्हणून वहीत सगळ्यात वर एक ओळ लिहायची: चाल म्हणजे नेमकं काय, आणि एका चालीने काय किती बदलतं.

ग्लासांचंच घ्या. उचललेल्या चारांपैकी क ग्लास पालथे होते असं धरा, म्हणजे उरलेले 4 − क सुलटे होते. पालथ्यांची संख्या क ने घटली आणि 4 − क ने वाढली. एकूण बदल 4 − 2क. क च्या जागी 0 ते 4 घालून बघा: +4, +2, 0, −2, −4. सगळे सम आहेत. पालथे ग्लास सातवरून सुरू झाले; सम संख्या मिळवत-वजा करत गेलं तर विषमाचं विषमच राहणार. शून्य सम आहे. खेळ खलास.

आता नियम बदला. एका चालीत चारऐवजी तीन ग्लास उलटायचे. बदल 3 − 2क होतो, म्हणजे दर वेळी विषम. मघाचा इन्व्हेरियंट मेला! पालथ्यांची संख्या आता प्रत्येक चालीला समची विषम आणि विषमची सम होते. पण हेही कामाचं आहे. सातवरून शून्यावर जायचं तर चालींची संख्या विषम हवी. एका चालीत जमत नाही, म्हणजे कमीत कमी तीन. आणि तीन चालींत जमतं: कोणतेही तीन उलटा, चार पालथे राहिले. मग दोन पालथे आणि एक सुलटा उलटा, तीन राहिले. ते तीन उलटले की झालं.

तेच ग्लास, तेच टेबल. चाल बदलली आणि अशक्य ते शक्य झालं.

पायरी दुसरी: राशी निवडा, नाहीतर तयार करा

कोणती राशी तपासायची, याला ठरलेलं सूत्र नाही. पण सुरुवात सम-विषमपासून करावी, कारण ती तपासायला सगळ्यात स्वस्त. मग बेरीज, दोन संख्यांमधला फरक, 3 ने किंवा 9 ने भागून उरणारी बाकी, गुणाकार. चौकटींचं कोडं असेल तर रंग. सरावाने हात आपोआप योग्य खिशात जातो.

फळ्यावर 1 ते 10 आकडे लिहा. कोणतेही दोन पुसा आणि त्यांच्या जागी मोठ्यातून लहान वजा करून आलेला फरक लिहा. नऊ वेळा केलं की एकच आकडा उरेल. तो सम असेल की विषम? सगळ्यांची बेरीज 55, विषम. अ आणि ब पुसून अ − ब लिहिलं की बेरीज 2ब ने घटते, म्हणजे सम संख्येने घटते. बेरीज विषमच राहते, म्हणून शेवटचा आकडाही विषम. नेमका कोणता, हे मात्र यातून कळत नाही: तुम्ही कसे पुसता त्यावर 1 सुद्धा येतो आणि 9 सुद्धा येतो.

दुसरा नियम घ्या. अ आणि ब पुसून अ + ब + अब लिहायचं. सम-विषम बघितलं, बेरीज बघितली, काही हाती लागत नाही. इथे थोडी करामत करावी लागते. अ + ब + अब मध्ये 1 मिळवला की (अ + 1)(ब + 1) होतं. म्हणजे प्रत्येक आकड्यात 1 मिळवून सगळ्यांचा गुणाकार केला तर तो गुणाकार कधीच बदलत नाही. सुरुवातीला तो 2 × 3 × … × 11 होता, म्हणजे 3,99,16,800. शेवटी उरणारा आकडा त्यातून 1 वजा: 3,99,16,799. कुठल्याही क्रमाने पुसा, हेच येणार. इन्व्हेरियंट नेहमी समोर मांडून ठेवलेला नसतो, हे कळायला हे एक उदाहरण पुरेसं आहे. मला स्वतःला या सगळ्या प्रकारांत हेच सगळ्यात देखणं वाटतं.

पायरी तिसरी: सुरुवात आणि शेवट ताडून पाहा, आणि तिथेच थांबा

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं अंगण डोळ्यापुढे आणा. 6 × 6 चौकटींचं. एका कोपऱ्यात तुळशी वृंदावन, बरोबर समोरच्या तिरप्या कोपऱ्यात मोरी. उरलेल्या 34 चौकटींवर दोन चौकटी झाकणाऱ्या लांबट फरश्या बसवायच्या. न तोडता 17 फरश्या बसतील का?

अंगण बुद्धिबळाच्या पटासारखं काळं-पांढरं रंगवा. एक फरशी कशीही ठेवली तरी एक काळी आणि एक पांढरी चौकट झाकते. समोरासमोरचे तिरपे कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणून त्या रंगाच्या 16 चौकटी उरल्या आणि दुसऱ्याच्या 18. गवंडी कितीही हुशार असो, बसणार नाहीत.

इथे नवशिका लगेच उलटा निष्कर्ष काढतो: मग रंग सारखे उरले की फरश्या बसणारच! असं नाही. इन्व्हेरियंट "नाही" म्हणू शकतो. "हो" म्हणायचा अधिकार त्याला नाही. एका कोपऱ्याच्या चौकटीला लागून असलेल्या दोन्ही चौकटी काढून टाका आणि दुसऱ्या रंगाच्या दोन चौकटी लांब कुठून तरी काढा. रंगांचा हिशेब बरोबर, पण कोपरा एकटा पडला. त्यावर फरशी ठेवणार कशी?

मात्र एकच काळी आणि एकच पांढरी चौकट काढली, तर या अंगणात फरश्या हमखास बसतात. हे अमेरिकी गणितज्ञ राल्फ गोमोरी यांनी दाखवलं आणि त्यांची युक्ती अशी: सगळ्या 36 चौकटींतून जाणारी, सुरुवातीला परत येणारी एक नागमोडी वाट काढा. तिच्यावर काळं-पांढरं आलटून पालटून येतं. एक काळी आणि एक पांढरी काढली की वाटेचे दोन तुकडे होतात (शेजारच्या असतील तर एकच), आणि प्रत्येक तुकड्यात सम चौकटी असतात. त्या तुकड्यांवर फरश्या एकामागून एक टाकत जायचं. बघा, "हो" म्हणण्यासाठी प्रत्यक्ष करून दाखवावं लागलं. ग्लासांच्या खेळातही तीन चाली दाखवल्यावरच आपण शक्य म्हटलं होतं.

पायरी चौथी: स्थिर बिंदूला इन्व्हेरियंट समजू नका

हा घोटाळा मराठी मुलांमध्ये जरा जास्तच दिसतो आणि कारण अभिमानाचं आहे: कापरेकर. डहाणूत 1905 साली जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 6174 ही संख्या जगापुढे आणली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच (तीन अंकी आलं तर पुढे 0 लावून). जास्तीत जास्त सात वेळा केलं की 6174 येते.

त्यांचं जन्मसालच घेऊ. 9510 − 0159 = 9351. 9531 − 1359 = 8172. 8721 − 1278 = 7443. 7443 − 3447 = 3996. 9963 − 3699 = 6264. 6642 − 2466 = 4176. 7641 − 1467 = 6174. पूर्ण सात पायऱ्या लागल्या.

6174 पुढे बदलत नाही, कारण तिच्यावर हीच क्रिया केली तर तीच परत येते; अशा संख्येला त्या क्रियेचा स्थिर बिंदू म्हणतात. पण 1905 पासून 6174 पर्यंतच्या प्रवासात ती कुठे होती? नव्हतीच. ती मुक्काम आहे. प्रवासभर टिकणारी गोष्ट वेगळी: वरच्या सातही उत्तरांच्या अंकांची बेरीज करा. 18, 18, 18, 27, 18, 18, 18. सगळी उत्तरं 9 ने भाग जाणारी. असं का? अंकांची अदलाबदल केल्याने संख्येची 9 ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. सारख्याच बाकीच्या दोन संख्या वजा केल्या तर बाकी शून्य. इथे चाल म्हणजे अंक हलवणं आणि टिकून राहणारी राशी म्हणजे नऊची बाकी.

याचा रोजच्या व्यवहारात थेट उपयोग आहे. इतवारीतल्या एखाद्या दुकानात रात्री रोकड आणि वही जुळत नाही आणि फरक नेमका 9 च्या पटीत येतो, तेव्हा आधी अंक उलटसुलट लिहिले गेलेत का ते बघावं. 5,730 च्या जागी 5,370 लिहिलं तर फरक 360 पडतो, नऊ चाळीसं. फरक नऊच्या पटीत नसेल तर चूक दुसरीकडे शोधा. आणि हेही लक्षात असू द्या की बेरीज-गुणाकार "नवाने पडताळून" (म्हणजे 9 ने भागून उरणाऱ्या बाक्या ताडून) पाहण्याची जी जुनी रीत आहे, तिला अंकांची अदलाबदल दिसत नाही. जी गोष्ट अदलाबदलीने बदलतच नाही, ती अदलाबदल पकडणार तरी कशी?

पायरी पाचवी: मोजपट्टी बदलून पाहा

इथपर्यंत कोडी झाली. विज्ञानात चाल वेगळी असते: एकक बदलणं, सुरुवातीचा बिंदू हलवणं, नकाशा ताणणं. प्रश्न तोच. जे विधान तुम्ही करताय, ते या चालीनंतर उभं राहतं का?

मे महिन्यातलं नागपूर घ्या. समजा दुपारी 45 अंश सेल्सिअस आणि पहाटे 30. "दुपारी पहाटेच्या दीडपट तापलं" असं कुणी म्हटलं तर फॅरनहाइटमध्ये तपासा: 113 आणि 86. गुणोत्तर सुमारे 1.31. दीडपट गेलं कुठे? ते तापमानात नव्हतंच, मोजपट्टीचा शून्य कुठे खोचला त्यावर होतं. केल्विनमध्ये 318.15 आणि 303.15, म्हणजे जेमतेम 5 टक्के जास्त. केल्विनचा शून्य निसर्गाने दिलेला आहे, म्हणून तिथल्या गुणोत्तराला अर्थ आहे.

मग सेल्सिअसमध्ये काय टिकतं? दोन फरकांचं गुणोत्तर. नागपुरात दिवस-रात्रीचा फरक 15 अंश आणि दुसऱ्या गावी 10 अंश असेल, तर फॅरनहाइटमध्ये ते 27 आणि 18 होतात. दोन्हीकडे गुणोत्तर दीड. "नागपूरचा चढ-उतार तिथल्या दीडपट" हे वाक्य छापायला हरकत नाही. बातम्यांमधली "दुप्पट उकाडा" असली वाक्यं या एका चाचणीत पडतात.

नागपूरच्या झिरो माईल स्तंभाचं उदाहरण यापेक्षा जरा खोल आहे. स्तंभाशेजारच्या चार घोड्यांपुढे फोटो काढणाऱ्यांना तिथून मोजलेली अंतरं आठवतात, पण तो बिंदू मानलेला आहे. उद्या सीताबर्डीच्या किल्ल्यापासून मोजायचं ठरवलं तर प्रत्येक गावापुढचा आकडा बदलेल. रामटेक ते काटोल हे अंतर मात्र तितकंच राहील. आरंभबिंदू हलवणं ही चाल, आणि दोन ठिकाणांमधलं अंतर हा तिचा इन्व्हेरियंट.

हा स्तंभ ज्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेशी, म्हणजे ब्रिटिश काळात त्रिकोणांच्या साखळीने झालेल्या भारताच्या मोजणीशी, जोडलेला आहे, त्या सर्व्हेचं काम असल्याच एका कल्पनेवर चाललं. विल्यम लॅम्ब्टन याने 1802 साली मद्रासजवळ एक रेषा साखळीने अतिशय काटेकोर मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. प्रत्येक त्रिकोणाची बाजू चालत मोजायची नव्हती. कोन मोजायचे. त्रिकोण लहान-मोठा केला तरी कोन आणि बाजूंची गुणोत्तरं बदलत नाहीत, म्हणून एका बाजूची लांबी हाती असली की बाकीच्या कोनांवरून काढता येतात. पडताळ्यासाठी अधूनमधून नवी रेषा मोजायची, तेवढंच. नागपूरच्या वाटेवर असताना 1823 साली लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे.

नागपूर मेट्रोचा नकाशा हे आणखी ढिलं उदाहरण. गाड्यांमध्ये लावलेल्या नकाशावर ऑरेंज आणि ॲक्वा या मार्गिका सरळ रेघांसारख्या दिसतात. अंतर खरं नाही, वळणं खरी नाहीत. टिकलंय काय, तर स्टेशनांचा क्रम आणि दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात, हे. गाडी बदलायला एवढंच लागतं. त्यावर पट्टी ठेवून चालायचं अंतर काढू नका, बस.

भौतिकशास्त्रात ही कल्पना कुठवर जाते, ते थोडक्यात. जर्मन गणितज्ञ एमी नोएथर यांचा 1918 सालचा सिद्धांत सांगतो की निसर्गाचे नियम आज आणि उद्या सारखेच असतील तर ऊर्जा टिकते. इथे आणि तिथे सारखे असतील तर संवेग टिकतो. कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी सारखे असतील तर कोनीय संवेग टिकतो. प्रत्येक "टिकतं" मागे एक चाल उभी आहे. शाळेत अक्षय्यतेचे नियम तीन वेगवेगळ्या धड्यांत येतात आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही, याची मला जरा खंतच वाटते.

पायरी सहावी: प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी

252 आणि 198 यांचा मसावि काढा. मोठ्याला लहानाने भागायचं, मोठ्याच्या जागी लहान आणि लहानाच्या जागी बाकी. (252, 198), (198, 54), (54, 36), (36, 18), (18, 0). मसावि 18. जोडी दर वेळी बदलली, पण जोडीचा मसावि बदलला नाही. म्हणून शेवटच्या जोडीचा मसावि, जो बघताक्षणी कळतो, तोच पहिल्या जोडीचा. यालाच लूप इन्व्हेरियंट म्हणतात (लूप म्हणजे प्रोग्रॅमचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग).

पण एवढ्याने लूप थांबेल याची हमी मिळत नाही. त्यासाठी दुसरी गोष्ट लागते: जी दर फेरीत घटतेच आणि शून्याखाली जाऊ शकत नाही. इथे जोडीतली दुसरी संख्या: 198, 54, 36, 18, 0. उत्तर बरोबर आहे हे न बदलणारी राशी सांगते, उत्तर येईल हे घटणारी राशी सांगते. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1969 साली प्रोग्रॅमच्या सिद्धतेची जी पद्धत मांडली, तिच्यात लूपसाठी असंच इन्व्हेरियंट मागितलेलं आहे. रोजच्या कामात करायचं ते सोपं: अवघड लूपच्या डोक्यावर एका ओळीची कमेंट लिहा, "प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला हे खरं असतं." ती ओळ लिहिता येत नसेल तर लूप तुम्हालाच कळलेलं नाही. फेऱ्या एकने कमी-जास्त होण्याच्या चुका बहुतेक इथेच सापडतात.

कधी कधी दोन राशी मिळून एक इन्व्हेरियंट होतो. संत्रा बर्फीची एक वडी पसरून 24 तुकडे करायचे आहेत. एका वेळी एकच तुकडा उचलून त्याचे दोन करायचे, थर लावायचे नाहीत. कापही वाढतात, तुकडेही वाढतात, पण तुकडे वजा काप नेहमी 1. आधी उभे कापा की आडवे, 23 काप लागणारच.

सरावाला

दहा पालथे ग्लास, एका चालीत सहा. सम-विषम आड येत नाही, तेव्हा करून दाखवा. तीन चाली पुरतात.

फळ्यावर पुन्हा 1 ते 10. आता अ आणि ब पुसून अ + ब − 1 लिहा. शेवटी 46 च उरते. कोणती राशी टिकली?

पंधरा सरकत्या चौकोनांचं कोडं. सगळे जागेवर आहेत, फक्त 14 आणि 15 ची अदलाबदल झाली आहे. अमेरिकी कोडेकार सॅम लॉइड याने हे सोडवणाऱ्याला 1000 डॉलर देऊ केले होते आणि ते त्याला कधीच द्यावे लागले नाहीत. अशक्यतेची सिद्धता 1879 सालीच छापून आली होती. इशारा देतो: पट बुद्धिबळासारखा रंगवला तर रिकामी जागा दर चालीला रंग बदलते आणि दर चाल ही एक अदलाबदल असते. दोन्ही एकत्र धरा.

शेवटचं. पिशवीत 4 लाल, 5 हिरवे आणि 6 पिवळे मणी आहेत. वेगवेगळ्या रंगांचे दोन काढायचे आणि त्यांच्या जागी तिसऱ्या रंगाचे दोन टाकायचे. सगळे मणी एकाच रंगाचे कधी होतील का? चाल वहीत वर लिहा, मग दोन-दोन रंगांमधले फरक 3 ने भागून बघा. आणि मग हिरवे 5 ऐवजी 7 घ्या. 4, 7, 6 वरून सात चालींत सगळे पिवळे होतात; पहिली चाल शोधली की उरलेल्या सहा एकसारख्याच आहेत.